पेठेपेठेत तालीम आहे, आईला जागा कुठाय?

कोल्हापुरात मी बायकांना व्यायाम शिकवते. आज सकाळची दुसरी बॅच संपवून पाणी पीत होते, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. "मॅडम, आई उद्यापासून येणार नाही. तुम्ही तिला वजनं उचलायला लावताय असं कळलं. वय झालंय तिचं. व्यायामच करायचा तर रंकाळ्यावर चालंल की ती."

मेसेज माझ्या बॅचमधल्या बाईंचा नाही, त्यांच्या मुलाचा. तो स्वतः रोज संध्याकाळी जिमला जातो. त्याच्या आईचं वय ५४.

दुपारपर्यंत काही बोलले नाही. ताराबाई पार्कातल्या दोन घरी जाऊन शिकवून आले, जेवले, जरा पडावं म्हटलं तर डोळा लागेना. म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

आधी सांगते, मी त्यांना नेमकं काय उचलायला लावत होते. ५ किलोचं एक डंबेल. दोन्ही हातांनी छातीशी धरायचं, सावकाश खुर्चीवर टेकायचं आणि श्वास सोडत उठायचं. आल्या तेव्हा रिकाम्या हातानंसुद्धा मांडीवर तळवा दाबल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. मग हात सुटले. मग पाण्याची भरलेली बाटली, मग अडीच किलो, मग पाच. कुठंही घाई नाही. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा पाच किलो घेऊन बैठका पूर्ण झाल्या, तेव्हा बाई स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "अजून एक खेप करू का?"

आणि ह्याच बाईंच्या घरी गॅसची टाकी आली की दारापासून ओट्यापर्यंत कोण नेतं? त्याच नेतात. आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास जाते. ती तिरकी करून, कमरेत वाकून, फरशीवर गोल फिरवत नेतात. तांदळाचं पोतं कोण सरकवतं? पाहुणे आले की माळ्यावरच्या गाद्या कोण काढतं? २०१९ च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात पाणी शिरलं तेव्हा घरातलं धान्य, भांडी, लेकरं वर न्यायला ह्याच वयाच्या बायका होत्या. त्या वेळी कुणी म्हटलं का, आई, तुझं वय झालंय, राहू दे? घरासाठी उचललं तर ते काम. स्वतःसाठी उचललं की लगेच वय आठवतं.

मला राग ह्याचा आहे.

माझ्या मावशीबद्दल मी पूर्वी थोडं लिहिलंय, आज नीट लिहिते. मावशी गंगावेशीत राहते. आयुष्यभर राबलेली बाई. दारात दोन म्हशी होत्या. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ती अशी चालायची की मागून आम्हा पोरांना पळावं लागायचं. थोरला मावसभाऊ तालमीत जायचा. त्याचा खुराक मावशीच्या हातचा. पहाटे त्याचे जोर-बैठका होईपर्यंत बदाम, खसखस घोटून थंडाई तयार. त्याच्या दंडाला, छातीला जे काही आलं ते मावशीच्या मनगटातून आलं, हे मी त्याच्यासमोरही म्हणते.

मग म्हशी विकल्या, सुना आल्या. सगळ्यांनी प्रेमानं सांगितलं, "आई, आता तू काही करू नकोस. नुसती बस." मावशी बसली. सकाळी अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जायची आणि यायची, एवढंच उरलं. घरातले खूश, आई रोज चालते म्हणून. आणि एक दिवस दुपारी न्हाणीत पाय घसरला.

हाड मोडलं नाही. एक्स-रेमध्ये सगळं शाबूत. पण तिला उठता आलं नाही. थोरली सून कामावरून येईपर्यंत मावशी ओल्या फरशीवर पडून होती. मी भेटायला गेले तेव्हा तिला दुखण्यापेक्षा दुसरंच लागलेलं होतं. "हाडं सगळी जागच्या जागी हायत म्हणं. मग मी उठलो का न्हाई गं?"

उत्तर मला माहीत होतं, पण त्या दिवशी तिला सांगवेना. इथं सांगते. तिशी-पस्तिशीनंतर अंगातला स्नायू हळूहळू कमी होत जातो, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडांची घनता झपाट्यानं उतरते. मनगट, मणके आणि खुबा, पहिला मार इथं बसतो. नुसत्या चालण्यानं हे थांबत नाही. हाडाला आणि स्नायूला भार लागतो, आणि तो भार थोडा थोडा वाढत जावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आहेच, पण त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. आणि पासष्टी ओलांडलेल्यांना तोल सांभाळायचा व्यायाम ३ दिवस. पासष्टी ओलांडलेल्यांनाही! हे वाक्य मला त्या मुलाला पाठवायचं होतं. लिहिलं आणि पुसून टाकलं.

हो, चालणं वाईट नाही. हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं. रंकाळ्यावर पहाटे भेटणाऱ्या सगळ्या काकूंनी चालत राहावं. पण न्हाणीत पडल्यावर रंकाळा उचलायला येत नाही.

मला काय दिसतं रोज, ते सांगते. साडेचारला गजर होतो, साडेपाचला मंगळवार पेठेतला भाड्याचा हॉल उघडते. नवीन बाई आली की मी तिला वजनकाट्यावर उभी करत नाही. खाली सतरंजीवर बसायला सांगते आणि उठायला सांगते. निम्म्या बायका बसायच्या आधीच इकडेतिकडे बघतात, धरायला काही आहे का म्हणून. चाळिशीतल्या बायका! हळदीकुंकवाला खुर्चीच मागतात, पंगतीला बसायचं टाळतात, केएमटी बसच्या पायरीवर पाय ठेवताना दोन्ही हातांनी दांडा ओढतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण मुलाकडून उघडून घेतात. एवढं सगळं गेलेलं असतं आणि येताना सांगतात काय, तर "पोट कमी करायचंय." मी पोटाचं बोलत नाही. मी म्हणते, आधी उठायला शिकू.

आणि त्या शिकतात. हेच तर आहे. आठवड्याला दोन-तीन दिवस दिले तर काही महिन्यांत फरक पडतो, मी डोळ्यांनी बघते. एकीनं माहेरच्या लग्नात पंगतीला बसून वाढून घेतलं आणि कशालाही न धरता उठली, तर हे सांगायला तिनं मला रात्री साडेदहाला फोन केला. मला झोपायची घाई असते, पण तो फोन मी आनंदानं घेतला.

काही जणींना डॉक्टरांनी खरोखर मनाई केलेली असते, ते मान्य. बीपी आटोक्यात नाही, नुकतं ऑपरेशन झालंय, मणक्यात दाब आहे. त्यांना मीच डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगते, आणि चिठ्ठीत नाही म्हटलं की नाही. पण त्या मुलानं कुठल्या डॉक्टरला विचारलं? त्यानं ठरवलं. आईला विचारलं का?

हे लिहिताना जरा शांत झालेय, म्हणून त्याच्या बाजूनंही एक बोलते. बाईंनीच मागं सांगितलं होतं, त्यांच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या आणि त्यातच गेल्या. तो पोरगा तेव्हा शाळेत होता. आजीला त्यानं तसं बघितलंय. आईनं काही उचललं की त्याच्या पोटात गोळा येत असणार. पोरगं वाईट नाही, मायेनंच बोलतंय. मावशीला "नुसती बस" म्हणणारेही मायेनंच म्हणाले होते. पण माया करणाऱ्यांनी तिच्या पायातली ताकद काढून घेतली, आणि घरात कुणाला कळलंही नाही.

मावशीला पुढं मीच शिकवलं. फरशीवरून उठायचं कसं, एवढंच आधी. पाठीवरून कुशीवर वळायचं. कोपर टेकायचं, मग तळवा. मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं. जवळचं स्टूल, कठडा, काहीही भक्कम धरायचं, मजबूत पाय पुढं घ्यायचा आणि त्या पायावर जोर देऊन वर यायचं. दमलं तर मध्येच थांबायचं, श्वास घ्यायचा, घाबरून झटका द्यायचा नाही. तुमच्या घरात आई, सासू, आत्या कुणी असेल तर आज जेवणाआधी हे एकदा सोबत करून बघा. पलंगाजवळ करा, खाली सतरंजी घाला, शेजारी कुणीतरी थांबा. मावशीनं हे शिकायला बरेच दिवस घेतले. मग डाळीच्या पिशव्या दोन हातांत घेऊन बैठका. मग एका दिवशी माळ्यावर धूळ खात पडलेला मावसभावाचा मुद्गल, व्यायामाचा तो जड लाकडी सोटा, तिनं खाली काढायला लावला. फिरवला नाही, फिरवू मी देणारही नव्हते. दोन्ही हातांनी धरून जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायचा आणि ठेवायचा. मावसभाऊ दारात उभा राहून बघत होता. तो एक शब्द बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आईसाठी सकाळचं दूध तो स्वतः दूध कट्ट्यावरून धारोष्ण आणायला लागला. खुराक आता तिचा सुरू झाला.

म्हणून आज मला शहरालाच विचारायचंय. हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींची नावं घेताना आपली मान ताठ होते. ज्या पेठेत जाल तिथं तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ह्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांत मीही असते. शरीर कमवावं, हे ह्या गावाला कुणी शिकवायला नको. मग ते फक्त पोरांनी कमवायचं का? हो, पोरीही आता मातीत आणि मॅटवर उतरल्यात. वडणग्याची रेश्मा माने, मुरगूडची नंदिनी साळोखे, ह्या आपल्या जिल्ह्यातल्या. अभिमानच आहे. पण त्यांच्या आयांच्या वयाच्या बायकांनी कुठं जायचं?

जिमची फी सगळ्यांना परवडत नाही. आणि वेळ! पहाटे डबे, संध्याकाळी स्वयंपाक. बाईला मोकळीक मिळते ती दुपारी दोन ते चार. आणि बहुतेक तालमींचे हॉल नेमके त्याच वेळी बंद असतात, कारण मुलं येतात पहाटे आणि संध्याकाळी.

मागं एका तालीम मंडळात विचारलं होतं. नाव लिहीत नाही. म्हणाले, "ताई, बायकांचं कसं जमायचं, आत मारुती आहे." आखाड्यात आम्हाला उतरायचंच नाही. आखाड्याची रीत तुमची, तिला हात लावायचा नाही. मागते ती वरच्या मजल्यावरची खोली, जिथं गणपतीची वर्गणी मोजली जाते, जिथं चषक मांडलेत. आठवड्यातले तीन दिवस, दोन तास. खाली जे पोरगं जोर मारतंय त्याचीच आई वर बैठका मारेल, ह्यात मारुतीला वाईट वाटण्यासारखं काय आहे?

तर माझ्या यादीतल्या ज्यांची कुठल्याही तालमीत ओळख आहे, अध्यक्ष मामा-काका लागतात, कार्यकर्ते मित्र आहेत, त्यांनी शब्द टाका. सतरंज्या माझ्या, वजनं माझी, येण्याजाण्याचं पेट्रोल माझं. पन्नाशीच्या पुढच्या कुणाकडूनही फी घेणार नाही. हॉल झाडून कुलूप लावून किल्ली परत देईन. फक्त दोन गोष्टी हव्यात, चालू स्थितीतलं बाथरूम आणि भक्कम खुर्च्या, प्लॅस्टिकच्या डुगडुगणाऱ्या नकोत.

गणपतीच्या धामधुमीत कुणाला सवड नसते, माहीत आहे. त्याच्या आधी एक जरी पेठ तयार झाली तरी लगेच सुरू करू. कमेंटमध्ये पेठेचं नाव टाका, मी स्वतः येऊन भेटते.