‘बायपॉड लावा, नेम चुकणारच नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या भागांत नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये, तसेच रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये, सध्या एक संदेश हातोहात पुढे पाठवला जात आहे. रायफलला बायपॉड, म्हणजे पुढच्या बाजूला लावायचे दोन पायांचे घडीचे टेकण, बसवले की नेम चुकणारच नाही, अशी त्याची सुरुवात आहे, आणि एअर रायफललाही तोच नियम लावला आहे. त्यापुढे असे सांगितले आहे की एअर रायफलला परवाना लागत नसल्यामुळे तिला बायपॉड लावून रात्री डुकरे मारता येतात. बायपॉड जितका उंच तितका उपयोगी. तो नळीवर शक्य तितका पुढे लावावा. खाली सिमेंटसारखी टणक जागा असावी. स्पर्धेतही तो चालतो. आणि महाग तोच घ्यावा. मी अनेक वर्षे मुलांना रायफल धरायला शिकवतो, आणि यांतील जवळजवळ प्रत्येक विधानाचे परिणाम मी रेंजवर पाहिले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत घातक विधान शिकारीचे आहे, त्यामुळे क्रम मोडून आधी तेच घेतो. ४.५ मिलिमीटर (०.१७७ इंच) व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, एवढाच त्यातील खरा भाग आहे. परंतु शस्त्राचा परवाना आणि वन्यप्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांचे कायदेही वेगळे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही येतो. हत्यार कोणते होते याने काही फरक पडत नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि रानडुक्कर किंवा रोही यांचा त्रास असलेल्याने वन विभागाच्या त्याच वाटेने जावे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा डुकराला मारत नाही, जखमी करतो, आणि जखमी डुक्कर पहाटे तुरीत दबा धरून बसलेले असताना कापणीला येणाऱ्या बायांचे काय होईल, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्याकडे बहुधा ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते. छर्ऱ्यांचा फैलाव करणाऱ्या त्या बंदुकीला बायपॉडचा काडीचाही उपयोग नाही.

आता मूळ विधान, म्हणजे नेम चुकणारच नाही हे. बायपॉड रायफलचे पुढचे टोक उचलून धरतो आणि त्या टोकाचे हेलकावे कमी करतो. मागचे टोक मात्र नेमबाजाच्या खांद्याला लागलेले असते आणि ते श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर व घोडा ओढणाऱ्या बोटाबरोबर हलतच राहते. याचे गणित कोणालाही घरी मांडता येईल. बायपॉडपासून दस्त्याच्या, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते त्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भागाच्या, मागच्या टोकापर्यंतचे अंतर ८० सेंटीमीटर धरा. मागचे टोक केवळ १ मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी साडेबारा सेंटीमीटर बाजूला जाईल, कारण १०० मीटर हे ८० सेंटीमीटरच्या १२५ पट आहे. पुढचे दोन पाय कितीही भक्कम असले तरी हा एक मिलिमीटर त्यांच्या हाती नाही. म्हणून बायपॉड वापरणारे जाणते लोक दस्त्याच्या मागच्या टोकाखाली एक लहान पिशवी ठेवतात आणि डाव्या मुठीने ती दाबून किंवा सैल सोडून नेम केसभर वरखाली करतात. बाजारात अशा पिशव्या मिळतात, पण जुन्या मोज्यात ज्वारी भरून तोंड शिवले तरी काम भागते. फक्त पावसाळ्यात तिला किडा लागतो, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास दाणे बदलावेत. माझ्या मते, पैसे मोजकेच असतील तर साधा बायपॉड आणि मागे चांगली पिशवी ही जोडी, महागडा बायपॉड आणि मागे रिकामी हवा या जोडीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

‘एअर रायफललाही तोच नियम’ या वाक्यामुळे आमच्या भागात सर्वाधिक पैसा वाया गेला आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणारी एअर रायफल म्हणजे नळी मधोमध मोडून स्प्रिंग दाबायची रायफल. घोडा ओढला की तिचा जड पिस्टन पुढे झेपावतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे सरकते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला पोहोचून हवेच्या गादीवर थांबताच ती पुन्हा पुढे उसळते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच ही ओढाताण सुरू झालेली असते. त्यामुळे अशी रायफल दर वेळी सारख्याच पद्धतीने आणि सैल हाताने हलू द्यावी लागते. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण नवी स्प्रिंगची रायफल आणि तिला करकचून आवळलेला बायपॉड घेऊन आला होता. वीस मीटरवर, ओट्यावर बायपॉड टेकवून त्याने मारलेले पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले, आणि त्याचा सगळा राग स्कोपवर निघाला. मी बायपॉड काढायला लावला, ओट्यावर घोंगडीची घडी ठेवली, तिच्यावर त्याचा डावा तळवा उताणा ठेवला आणि रायफल नुसती त्या तळव्यावर टेकवली. पुढचे पाच छर्रे एका नाण्याखाली झाकता येतील इतके जवळ बसले. स्कोप तोच होता आणि छर्रेही त्याच डबीतले होते. आधीच हवा भरून ठेवायच्या रायफलींना, ज्यांना पीसीपी म्हणतात, हा दोष नसतो आणि त्यांना बायपॉड खुशाल लावावा. मोडत्या नळीच्या रायफलीला मात्र तो नळीवर लावणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे, कारण रायफल भरण्यासाठी तीच नळी प्रत्येक वेळी खाली वाकवावी लागते.

उंचीविषयीचे विधान वरवर पटण्याजोगे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाजारात साधारणपणे ६ ते ९ इंच, ९ ते १३ इंच आणि १३ ते २७ इंच अशा मापांचे बायपॉड मिळतात. पालथे झोपून किंवा टेबलावरून मारायचे असेल तर पहिले माप पुरते. लांब मॅगझिनची रायफल असेल किंवा पुढे गवत असेल तर दुसरे घ्यावे. तिसरे केवळ जमिनीवर बसून मारणाऱ्यांसाठी आहे. पाय जितके लांब तितकी त्यांच्या प्रत्येक सांध्यातील ढिलाई टोकाला मोठी होऊन दिसते, शिवाय लांब पाय पूर्ण मिटले तरी बहुधा इतके आखूड होत नाहीत की त्यावर आरामात झोपून नेम धरता येईल. सगळीकडे चालणारा बायपॉड घेणारा माणूस शेवटी मान ताणून, कोपर अधांतरी ठेवून नेम धरतो. सपाट रानात तर उंची हा सुरक्षेचाही प्रश्न होतो. आपल्याकडे वस्त्या, आखाडे आणि पायवाटा सर्वत्र विखुरलेल्या आहेत आणि .२२ ची (०.२२ इंच व्यासाच्या नळीची) गोळी अडवली गेली नाही तर सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. त्यामुळे निशाण्यामागे मातीचा भक्कम बांध नसेल, तर कोणत्याही उंचीच्या बायपॉडवरून रायफल झाडू नये.

नळीवर पुढे लावण्याच्या सल्ल्यात सत्याचा कण आहे. वरच्याच गणिताप्रमाणे पुढचा टेकू आणि खांदा यांतील अंतर वाढले की मागच्या हालचालीचा परिणाम कमी होतो. परंतु हा टेकू दस्त्याच्या पुढच्या टोकाला हवा, नळीला नव्हे. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि तिच्यावर बायपॉडचा भार पडला की ती थरथर बदलते व गोळी वेगळ्याच जागी लागते. दाब थोडा कमीजास्त झाला की ती जागाही सरकते. म्हणूनच चांगल्या रायफलीत नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवलेली असते. हलक्या प्लॅस्टिकच्या दस्त्यात आणखी एक दगा असतो. बायपॉडवर भार दिला की दस्ता वाकून नळीला चिकटतो. बायपॉडवर रायफल ठेवून, खांद्याने हलका रेटा देऊन, नळी आणि दस्ता यांच्यामधून दहा रुपयांची नोट सरकवून पाहावी. ती अडकली तर दोष बायपॉडचा नाही, दस्त्याचा आहे.

सिमेंटबद्दल थोडक्यात सांगायचे तर टणक जागेवर बायपॉडचे पाय गोळी सुटताच उडी मारतात आणि गोळी बहुधा वर जाते. ज्या पृष्ठभागावर नेम जुळवला त्याच पृष्ठभागावर तो खरा ठरतो. सिमेंटवरच मारायचे असेल तर पायांखाली जुने पायपुसणे किंवा बारदाना टाकावा आणि खांद्याने रायफल किंचित पुढे रेटून पायांतील ढिलाई काढून टाकावी, प्रत्येक वेळी तितक्याच जोराने. आपली काळी माती याहून अवघड आहे. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत पाय जातो, आणि पावसाळ्यात एक पाय दुसऱ्यापेक्षा हळूच अधिक खचून रायफल एका अंगाला कलते. हे कलणे डोळ्यांना जाणवत नाही, पण .२२ ची गोळी १०० मीटरवर नळीच्या सरळ रेषेपासून अंदाजे अर्धा मीटर खाली येते, त्यामुळे रायफल ५ अंश कलली तरी ती चार सेंटीमीटरहून अधिक बाजूला पडते. म्हणून आमच्या भागासाठी बायपॉड निवडताना मी पहिली अट हीच ठेवतो की त्याच्या माथ्याला डावीउजवीकडे कलण्याची आणि ते कलणे आवळून धरण्याची सोय असावी. पायांना रबर असले तरी मातीवर मारणाऱ्यांनी बदलून लावायचे अणकुचीदार खूरही मिळतात का, ते विचारावे.

स्पर्धेबाबतचे विधान बव्हंशी चुकीचे आहे. १० मीटर एअर रायफल उभे राहून, कसल्याही टेकूविना मारतात, आणि तिच्या निशाण्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून मारताना हाताला बांधायचा पट्टा चालतो, बायपॉड चालत नाही. तो चालतो तो एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या प्रकारात; त्यातील एफ-टीआर गटात बायपॉडसह रायफलचे वजन ८.२५ किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. आपला मुलगा दहा मीटरच्या वर्गाला जात असेल, तर बायपॉडचे पैसे त्याच्या शूटिंग जॅकेटसाठी ठेवावेत.

राहिला ‘महाग तोच घ्या’ हा सल्ला. महाग बायपॉड बहुधा चांगला असतो, हे मी नाकारत नाही. पण तो आपल्या रायफलवर बसतोच असे नाही. काही बायपॉड पट्टा अडकवायच्या खिळीवर बसतात, काही पिकाटिनी रेलवर, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर, आणि काही एम-लॉकच्या, म्हणजे दस्त्यातच कापलेल्या लांबट, खाचांत. पिकाटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वीव्हर रेलची खाच तिच्याहून अरुंद असते, त्यामुळे एकासाठीचा आडवा खिळा दुसऱ्यात शिरतोच असे नाही. दुकानात जाताना म्हणून आपल्या रायफलच्या दस्त्याच्या पुढच्या टोकाचा फोटो आणि खाचेचे माप बरोबर न्यावे. बायपॉड हाती आल्यावर पाय पूर्ण ताणून काउंटरवर टेकवावेत, माथा हाताने पुढे रेटून मागेपुढे व डावीउजवीकडे पिळून पाहावा, आणि कटकट असा आवाज आला किंवा एखादा पाय आपोआप एक खाच खाली उतरला, तर किंमत कितीही असली तरी तो परत ठेवून द्यावा.