"सर, मदत करू का?"

परवा रात्री साडेअकराला आईनं खोलीत डोकावून विचारलं, "अजून तुझ्या त्या भाकऱ्या चालूच का?" 'लष्कराच्या' हा शब्द तिनं केव्हाच गाळून टाकलाय.

माझी भाकरी म्हणजे एक छोटासा फॉन्ट कन्व्हर्टर. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो युनिकोडमध्ये आणतो. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी पडते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. 'निर्मिती' हा एक शब्द धड उतरावा म्हणून मी एक अख्खी दिवाळी घालवली आहे. फराळाचं ताट कीबोर्डशेजारी, चिवडा मऊ पडलेला.

पैसे मागितले नाहीत, मिळाले नाहीत, त्याची तक्रारही नाही. पण एका कंपनीनं हा कोड आपल्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला (लायसन्सच तसं आहे, कुणीही फुकट वापरावं असं, मीच निवडलेलं) आणि पुढे त्यांच्या इंजिनिअरची मेल आली: ग्राहक खोळंबलाय, सोमवारपर्यंत दुरुस्त करा. त्या आठवड्यात बाबा आयसीयूत होते. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून दुरुस्ती केली. का केली? नाही म्हणायची लाज वाटली, दुसरं काय.

ही लाज किती महागात पडू शकते ते एक्सझेडच्या प्रकरणात दिसलं. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं साधन, लिनक्सच्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. 2022 मध्ये काही जण त्याच्या मागे लागले: पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, तुमचा रस संपलाय, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. त्यातलं एक नाव होतं 'जिगर कुमार'. ते वाचून मला आपल्याकडच्याच एखाद्या उतावळ्या पोराचा चेहरा दिसला, आणि नाव ठेवणाऱ्याला तेच हवं असणार. कॉलिननं उघडपणे लिहिलं की दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे पूर्वीइतकं लक्ष देता येत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात असू द्या. त्यावर एकानं काय सुनावलं? तब्येतीचं वाईट वाटलं, पण माणसानं आपल्या मर्यादा ओळखाव्यात.

मदतीला 'जिया टॅन' या नावानं पॅच पाठवणारा एक जण होताच. कामसू, शांत, वेळेवर. हळूहळू कोड बदलायच्या आणि नवी आवृत्ती (रिलीज) काढायच्या किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 आवृत्ती निघाली, आत चोरदरवाजा, म्हणजे सर्व्हरमध्ये गुपचूप शिरायची वाट घेऊन. 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंडनं तो जगासमोर आणला. हा माणूस पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याशा खुसपटामागे तो खणत गेला म्हणून सापडलं. जिया टॅन कोण हे अजून कळलेलं नाही. मागे लागलेली ती नावंही त्याच टोळीची असावीत, असा दाट संशय आहे.

नंतर सगळीकडे चर्चा झाली ती बिल्ड स्क्रिप्टची, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या आज्ञांची, ज्यांतून तो चोरदरवाजा आत शिरला. मला विचाराल तर तिथं आधी माणूस फोडला, कोड नंतर. हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीच्या वेळी, 2014 मध्ये, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी जेमतेम 2000 डॉलर देणग्या येतात हे कळल्यावर कंपन्यांनी खिसे उघडले. छान झालं. पण चेक आला म्हणून रात्रीच्या मेलांना दुसरं कुणी उत्तर देत नाही. आठवड्यातून एक दिवस तुमचा एक इंजिनिअर द्या ना, जो इश्यू (लोकांच्या तक्रारी) वाचेल, पॅच तपासेल आणि मुख्य म्हणजे ज्याचा चेहरा मी पाहिलेला असेल.

कारण गेलं वर्षभर मलाही एक मुलगा पॅच पाठवतोय. (मुलगा आपला मी म्हणतो, वय काय माहीत.) रफाराचा एक जुनाट बग त्यानं दोन दिवसांत सोडवला. पूर्वी मी त्याला कमिट ॲक्सेस (कोड थेट बदलायची मुभा) देऊन मोकळा झालो असतो आणि पुढच्या दिवाळीत चिवडा कुरकुरीत खाल्ला असता. आता त्याची एकेक ओळ तीनतीनदा वाचतो, म्हणजे काम वाढलंच. खरंच कॉलेजात शिकणारा, हौशी पोरगा असेल, तर किती मन मोडत असेल त्याचं.

गेल्या आठवड्यात त्याची मेल आली. "सर, हल्ली उत्तरं उशिरा येतात. तब्येत बरी आहे ना? रिलीजचं काम मी बघू का?"

चार दिवस झाले, ती मेल उघडतोय आणि बंद करतोय.