जून-जुलैतल्या स्कूबा इंटर्नशिपच्या संदेशाबद्दल खुलासा

'जून-जुलैमध्ये मालवण-तारकर्लीत विद्यार्थ्यांना स्कूबा डायव्हिंगची इंटर्नशिप, महिन्यात प्रशिक्षक व्हा, नोंदणी शुल्क आधी भरा,' असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो खरा असू शकत नाही.

मे अखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत कोकण किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा थांबतात. त्या दिवसांत समुद्र खवळलेला, पाणी गढूळ. मुलांना कोणी पाण्यात उतरवत असेल तर तो त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

महिन्यात प्रशिक्षक होणंही नवख्याला शक्य नाही. पॅडी या स्कूबा प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार वय किमान 18, नोंदवलेल्या 100 डाइव्ह आणि प्रमाणित डायव्हर म्हणून 6 महिने झालेले असावे लागतात.

पर्यटनात शिकण्यासारखं भरपूर आहे, पण ते बहुतेक एप्रिल-मेच्या गर्दीत. होमस्टेचं बुकिंग सांभाळणं, न्याहारीची तयारी, पाहुण्यांना गाव दाखवणं, हिशेब. ही कामं मला स्कूबाइतकीच मोलाची वाटतात. कॉलेजच्या पत्रावर जा, कामाचे तास, राहण्याची सोय आणि विद्यावेतन आधी लेखी घ्या. शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.