ज्याचा नंदी माहेरी सोडायला गेलाय

हक्कसोडपत्रावर सही करायला गेले होते. नोंदणी कार्यालयात सर्व्हर बंद. दीड तास बाकड्यावर बसून झाल्यावर कळलं, आज काही होणार नाही, उद्या या. दादाला कामावर जायचं होतं, तो गेला. वहिनी म्हणाली, घरी चला, जेवण करून ठेवलंय. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मला थोडं काम आहे. काम काहीच नव्हतं. त्या घरात त्या दिवशी जेवण गळ्याखाली उतरलं नसतं, एवढंच.

माझं माहेर कृष्णाकाठचं. गाव कोणतं ते राहू दे. बाबांनी बांधलेलं चार खोल्यांचं घर, मागे पेरूचं झाड. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि आता दादाला घर पाडून वर मजले चढवायचे आहेत. कर्ज काढायचं तर बँकेला कागद स्वच्छ हवेत. कागद स्वच्छ म्हणजे त्यावर माझं नाव नको. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. हा कायदा १९५६ चा. माझ्या जन्माच्याही आधीचा. पण आमच्याकडे मुलीने तो वाटा 'प्रेमाने सोडायचा' असतो. मी सोडणारच होते हो! मला राग आला तो याचा, की कुणी विचारलंच नाही. फोन आला तोच 'गुरुवारी सुट्टी टाक, सही आहे' असा.

स्टँडवर आले तर कुरुंदवाडची एसटी उभी होती. चढले.

आता खरं सांगते, मी तिथलीच असून खिद्रापूर कधी पाहिलं नव्हतं. लहानपणापासून आम्ही जायचो ते वाडीला. नृसिंहवाडी म्हणजे आमच्यासाठी नुसती 'वाडी'. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, प्रदक्षिणा, मग बासुंदी, कवठाची बर्फी आणि संध्याकाळी घर. खिद्रापूरचं कोपेश्वराचं, म्हणजे शंकराचं, देऊळ तिथून पुढे तासाभरावर, पण तिकडे कुणी नेलं नाही. आजी म्हणायची, कोपलेला देव आहे, उगीच कशाला. गंमत अशी की पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन खिद्रापूरला जायला लागली, आणि आम्ही काठावरचे मात्र बावन्नाव्या वर्षापर्यंत वाडीच्या पुढे गेलो नाही.

कुरुंदवाडला उतरून खिद्रापूरची वडाप शोधली, म्हणजे सीट भरल्या की सुटणारी खाजगी गाडी. जानेवारीचे दिवस, उसाचा हंगाम. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, मागे पाचट उडतंय. सैनिक टाकळी गेलं. घरटी एक माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती आहे. पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मग एकदम गाव. गावाच्या पलीकडे नदी, नदीच्या पलीकडे कर्नाटक. महाराष्ट्र इथे संपतो. कुणी वाटेत जाता जाता थांबावं असं ते ठिकाण नाही. जायचं ठरवलं तरच जाता येतं. त्या शांततेचं अर्धं कारण हेच असावं.

देवळात शिरल्या शिरल्या माणूस थेट गाभाऱ्याकडे जात नाही, कारण मध्ये स्वर्गमंडप आहे. हा मी फोटोत शंभरदा पाहिला होता आणि फोटो किती खोटा असतो ते तिथे कळलं. गोल मंडप, ४८ खांब, आणि वर छताच्या जागी आभाळ. मधोमध तेरा फुटांचं गोल उघडं ठेवलंय. बाराव्या शतकात शिलाहार राजा गंडरादित्याच्या काळात हे काम झालं असं सांगतात. छत पडलंय किंवा राहून गेलंय अशातला प्रकार नाही, बांधतानाच ते मोकळं ठेवलंय. खाली त्याच मापाची एक गोल अखंड शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलात येतो, आणि त्या रात्री इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. मी गेले तेव्हा मंडपात मी, एक मांजर आणि खांबाला टेकून पेंगणारे एक आजोबा, एवढेच होतो.

मंडप यज्ञासाठी होता, वरचं आभाळ धूर जाण्यासाठी, असं म्हणतात. खरं असेल तर मला त्या बांधणाऱ्याचं नवल वाटतं. ज्या देवाचं सर्वस्व एका यज्ञात गेलं, त्याच्याच दारात पुन्हा यज्ञ!

तर गोष्ट अशी. दक्षाने यज्ञ मांडला, लेक-जावयाला बोलावणं धाडलं नाही. सतीला राहवेना. माहेर आहे, बोलावणं कशाला लागतं, असं म्हणून ती निघाली. नंदीवर बसून गेली. तिथे बापाने भरल्या मंडपात अपमान केला आणि तिने यज्ञात उडी घेतली. महादेव कोपले, तो हा कोपेश्वर. आणि त्यांचा राग शांत करायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वराचं, एक धोपेश्वराचं. आणि नंदी नाही. शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर जिथे नंदी असायचा ती जागा मोकळी. मी पुजाऱ्यांना विचारलं तर ते अगदी शेजारची बातमी सांगावी तसं म्हणाले, "नंदी यडूरला हाय की. सतीबाईला सोडाय गेलाय."

यडूर कर्नाटकात आहे. तिथला नंदी तोच हा, अशी इकडच्या लोकांची श्रद्धा. मला त्या वाक्यातलं 'गेलाय' ऐकून काहीतरी झालं. गेला होता असं ते म्हणाले नाहीत. गेलाय. म्हणजे आठ-नऊशे वर्षं हा देव इथे बसलाय, बायको माहेरी गेली ती आली नाही, बैलही आला नाही, आणि याचा राग अजून तसाच आहे. नावच कोपेश्वर! त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, झालं गेलं विसर, मन मोठं कर, राग तब्येतीला चांगला नाही. त्याच्या रागाला लोकांनी देऊळ बांधलं आणि खाली हत्तींची रांग कोरून ते देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवलं.

गेले तीन महिने मला प्रत्येकजण एकच गोष्ट सांगत होता. नवरा म्हणाला, दे सोडून. मैत्रीण म्हणाली, ध्यान कर. आईने तर फोनवर रडून घेतलं, भावा-बहिणीत असं नको गं. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी क्षमेचे सुविचार. सगळ्यांना मी शांत व्हायला हवी होते, कारण मी शांत झाले की त्यांचं काम सोपं होणार होतं. 'मनःशांती' हा शब्द आपल्याकडे बायकांना बऱ्याचदा असा वापरला जातो, हे माझं मत. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आणि इथे बघा. धोपेश्वर समजूत घालायला आले ते आलेच, परत गेले नाहीत. शेजारी बसून राहिले. माझा पुराणांचा अभ्यास नाही, जाणकारांनी चूक काढली तर ऐकून घेईन. पण त्या अंधाऱ्या, तेलाच्या वासाच्या गाभाऱ्यात ती दोन लिंगं शेजारी शेजारी पाहून मला एवढंच वाटलं, की आपल्याला एवढंच हवं होतं. समजावू नका. बसा शेजारी.

मग मी मंडपात येऊन बसले. किती वेळ, ते सांगता येतं, कारण घड्याळ समोरच होतं. हिवाळ्यातलं ऊन तिरकं, त्यामुळे वरच्या गोलातून येणारा प्रकाश मधल्या शिळेवर न पडता उत्तरेकडच्या खांबांच्या पायथ्याशी पडला होता. लांबट अंड्यासारखा. मी बसले तेव्हा तो एका खांबाच्या अलीकडे होता. उठले तेव्हा पलीकडे गेला होता. ते खांबही एकासारखा एक नाहीत, कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे पैलू पाडलेले, आणि इतके घोटीव की त्यात प्रकाश हलताना दिसतो. दगड गार होता. पारवे येत-जात होते. बाहेर लांब कुठेतरी उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, ती वाऱ्यासोबत यायची, जायची. मी जप केला नाही, डोळे मिटले नाहीत, काही मागितलं नाही. मधे एकदा रडले. मांजराने पाहिलं.

मला वाटतं, शांत देवळाचं देणं हे असतं. तिथे तुमच्याकडून कुणाला काही नको असतं. अभिषेकाची पावती फाडा म्हणणारं कुणी नाही, 'चला, पुढे चला' नाही, झटपट दर्शनाचा वेगळा पास नाही, कर्ण्यावरची आरती नाही. मोठ्या देवस्थानांना मी नावं ठेवत नाही. माझ्या आईला पंढरपूरच्या गर्दीत, धक्के खात, तासन् तास रांगेत उभं राहूनच जे मिळतं ते मला दिसतं तिच्या चेहऱ्यावर. तिला खिद्रापूरला आणून बसवलं तर ती पाच मिनिटांत म्हणेल, इथे कुणीच कसं नाही गं? माणूस माणूस वेगळा.

बाहेर प्रदक्षिणा घालताना दक्षिणेच्या दाराजवळ शिलालेख दिसला. देवनागरीत आहे. यादव राजा सिंघण याचा, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या आसपासचा. देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याचा. इतर बरेच लेख जुन्या कन्नडात आहेत, ते मला कुठून वाचता येणार! पण हा पाहून मला हसू आलं. सही टाळून पळून आले तर इथेही मालमत्तेचाच कागद, फक्त दगडावरचा. आणि याला सर्व्हर लागत नाही. राजाच्या बहिणीचं हक्कसोडपत्र आधी घेतलं होतं का, ते काही त्यात दिसलं नाही.

शिल्पांवर लिहिण्याएवढं माझं ज्ञान नाही. हत्ती आहेत, सुरसुंदरी आहेत, बऱ्याच मूर्तींचे हात, नाकं, चेहरे तुटलेत. एका सुरसुंदरीला तोंडच उरलं नाही, पण उभी राहण्याची ढब अशी की अजून कुणाशी तरी भांडतेय असं वाटतं. तिच्यापाशी मी जरा जास्त थांबले.

दारात एक मावशी भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडून दहाच्या शेंगा घेतल्या आणि म्हटलं, "किती शांत आहे हो तुमचं गाव."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "शांत कशाचं ताई? मान्सं येत न्हाईत म्हणून शांत. रविवारी येत्यात, फोटो काढत्यात, गाडीत बसून वाडीला जेवाय जात्यात. आन् पूर आला की बघा मग किती शांत ते. एकोणीसला घरात पानी व्हतं, म्हसरं कुठं न्यावीत कळंना."

२००५ चा पूर, २०१९ चा पूर. शिरोळ तालुक्याने काय पाहिलंय ते मला माहीत असायला हवं होतं. आमच्याही पायरीपर्यंत आलं होतं पाणी. मी शेंगा खात गप्प उभी राहिले. मला हवी असलेली शांतता त्या मावशींच्या न झालेल्या विक्रीची होती, हे कुठेतरी नोंदवायलाच हवं. 'अजून गर्दी पोचली नाही, म्हणून सुंदर' असं आपण किती सहज लिहितो. देऊळ संरक्षित आहे, १९५४ पासून. मावशी नाहीत. तरी मंडपात रोषणाई आणि कारंजं नको, हे माझं मत मी सोडणार नाही. पण गावाला धड रस्ता हवा, स्वच्छतागृह हवं, चहाची चार दुकानं चालायला हवीत. जाल तर वाडीला परत जाऊन जेवू नका, तिथेच काहीतरी विकत घेऊन खा. आणि फोटोसाठी पारव्यांना हुसकावू नका.

हे लिहून मी स्वतःच गर्दीत भर घालतेय, कळतंय मला. पण गुरुवारी दुपारी कोण जातंय?

परतायला वडाप मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, सीट भरल्याशिवाय हलणार नाही. तीन माणसं झाली होती. पाऊण तास तशीच बसले. एरवी मी भांडले असते. तेवढ्यात दादाचा फोन.

"कुठं आहेस?"

"खिद्रापूरला."

"तिकडं काय करतीस?"

"बसलेय."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "वांग्याचं भरीत केलंय. तुझ्यामुळं आई पण जेवली नाही अजून."

"येते. पण दादा, उद्या सही करणार नाही मी. आधी आपण दोघं बोलू. बाबांच्या घराबद्दल, नीट. मग सही."

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. त्या भागात जातेच.

"बरं," तो म्हणाला. "किती वाजतील?"

मी मागे वळून पाहिलं. गाडीत अजून तीनच माणसं होती, आणि शेंगावाल्या मावशी पाटी डोक्यावर घेऊन चौथी सीट धरायला येत होत्या.