माईक घेऊन शाळेत शिरणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय. ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेत एक जण माईक घेऊन थेट वर्गात शिरतो आणि पोरांच्या देखत मुख्याध्यापिका बाईंना विचारतो, "शिक्षणमंत्री कोण, सांगा." बाई गोंधळल्या. हा कॅमेऱ्याकडे वळून हसला. त्या पोरांनी आता बाईंकडे कुठल्या नजरेनं बघायचं?

मीही एका मुख्याध्यापकांची मुलाखत घेतलीय. डिसेंबर २०१६, बीड जिल्हा, पहिली ते पाचवीची शाळा. वहीत १२ प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच असा टाकला, "सर, पटावर ६२ आणि वर्गात ४१. बाकीची पोरं कागदावरच का?"

सर गप्प. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी दारात, "सर, तांदूळ द्या." डोई १०० ग्रॅम. सरांनी काटा पुढं ओढला, ४ किलो १०० ग्रॅम मोजले आणि रजिस्टरला लिहिले. ४१ पोरांचेच. मी शेजारीच उभी होते.

लोकांना वाटतं मुख्याध्यापक म्हणजे केबिन आणि शिपाई. अहो, शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० च्या वर पोरं असतील तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद! नाहीतर ज्येष्ठ शिक्षकाच्या गळ्यात प्रभार. ६२ पोरांना ३ शिक्षक हवेत, तिथं होते २. म्हणजे सरांनी तीन वर्ग एकत्र बसवून शिकवायचं, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरायची, तांदूळ मोजायचा, खिचडीची चव आधी स्वतः घ्यायची आणि वर माझ्यासारखीला उत्तरं द्यायची. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, निवडणुका आणि आपत्ती सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायचं नाही. मग बाकीची कामं कोण लावतं? जा की माईक घेऊन त्यांच्या दालनात. तिथं नाही जात कुणी. बाई वर्गात एकट्या सापडतात ना!

हो, शाळेकडे न फिरकणारेही आहेत. त्यांना जाब विचाराच. पण पोरांसमोर नाही, आणि निदान एक दिवस शाळेत बसल्याशिवाय नाही.

मी बसले, तेही तांदळानं थांबवलं म्हणून. मधल्या सुट्टीत सरांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. २१ नावं. प्रत्येकापुढं टोळीच्या मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं गाव. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं बरोबर जातात, तिथं कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. पोरांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृह असलं तरी मागच्या बारक्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. दिवाळीनंतर दर आठवड्याला सर एकेकाला फोन लावत होते. हे माझ्या १२ प्रश्नांत कुठंच नव्हतं. उलट मी त्यांना जवळजवळ चोर म्हणून मोकळी झाले होते. आजही आठवलं की पोटात कालवतं.

त्यांनी माझ्यासमोरच एक नंबर लावला. मुकादमानं पोराला हाक मारली.

"कुठंयस रे?"

"कोपीवर, सर. बारकीला घेतलंय."

"तेराचा पाढा म्हण."

पोरगं तेरा सत्तेला अडलं. सरांनी सांगितलं नाही. फोन कानाला लावून थांबले. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज, बारकीचं रडणं. दारात मावशी परत येऊन उभ्या होत्या, त्यांना सरांनी हातानंच थांबवलं.

"एक्क्याण्णव!"

"हां. पुढं म्हण."