दणकट, स्वस्त आणि ‘डब्बा’ न दिसणारा

आमच्या अटी मोजक्याच होत्या. लॅपटॉप दणकट हवा, पंचेचाळीस हजारांच्या आत बसायला हवा आणि चार वर्षं टिकायला हवा, कारण इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. निदान प्रवेश घेताना तरी. लेकीने एक अट वर टाकली, तो ‘डब्बा’ दिसता कामा नये. बायकोची अट अशी की काय ते एकदाच ठरवा, रोज जेवताना तो विषय काढू नका.

विषय रोज निघाला.

सल्लागारांना तोटा नव्हता. ऑफिसातल्या एकाने शेअरची टीप द्यावी त्या आवाजात सांगितलं, “आय-सेव्हन प्रोसेसरच घे, पुढे बघायला नको.” शेजारच्या काकांच्या मते लॅपटॉप हवाच कशाला, डेस्कटॉप असेम्बल करावा. त्यांचा २००९ सालचा अजून चालतो. (चालतो म्हणजे चालू होतो. तोवर काका चहा करून आणतात.) मेहुणा बंगळुरूहून म्हणाला, “भावोजी, डोळे मिटून मॅकबुक घ्या.” आमच्या बजेटात मॅकबुक डोळे मिटल्यावरच दिसलं असतं.

शेवटी मीच अभ्यासाला बसलो. इंटेलच्या प्रोसेसरला, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूला, नुसतं ‘आय-फाइव्ह’ म्हणण्याला काही अर्थ नसतो, एवढं पहिल्याच रात्री कळलं. पुढच्या आकड्यात पिढी असते आणि शेवटच्या अक्षरात स्वभाव. यू म्हणजे बॅटरी जपून वापरणारा, एच म्हणजे कामाला वाघ पण डोक्याने गरम. नव्या पिढीचा आय-थ्री जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो, ही माहिती मी ऑफिसातल्या टीपवाल्याला दिली तर तो दोन दिवस बोलला नाही. पण कमाल केली ती इंटेलला टक्कर देणाऱ्या रायझनवाल्यांनी. एका लॅपटॉपवर ‘रायझन फाइव्ह ७५२० यू’ लिहिलेलं होतं. पहिला सात म्हणजे २०२३चं मॉडेल, म्हणून मी खूश. मग वाचलं की खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. तिथे दोन असेल तर आतली मूळ रचना झेन-टू, म्हणजे २०१९ सालची. दारावरची पाटी नवीन, आतलं बिऱ्हाड तेच.

एका रविवारी ऑनलाइन माल पाहून डोळे दुखल्यावर पुढच्या शनिवारची सुट्टी गाठून आम्ही बापलेक डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. महापालिकेच्या दप्तरी त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारला तर ग्रँट रोडला उतरलेला माणूस संध्याकाळपर्यंत फिरत राहील. फुटपाथवर पाऊल टाकताच “बोलो सर, लॅपटॉप? प्रिंटर? रिपेअरिंग?” सुरू झालं. लेक चकचकीत दुकानांकडे वळली आणि मी मुद्दाम एका दुरुस्तीच्या काउंटरवर रेंगाळलो. टिकाऊपणाबद्दल विकणाऱ्याला काय विचारायचं? जो उघडतो त्याला विचारावं.

तिथे आलेल्या एकाही लॅपटॉपचा प्रोसेसर गेलेला नव्हता. एकाचा चार्जिंगचा सॉकेट हललेला, एकाच्या कीबोर्डवर चहा सांडलेला आणि बाकी सगळ्यांचे हिंज, म्हणजे स्क्रीनच्या बिजागऱ्या, तुटलेले. कारागिराने एक लॅपटॉप उघडून दाखवला. हिंजचा स्क्रू ज्यात बसतो तो पितळेचा नट, शेंगदाण्याच्या निम्म्याएवढा, प्लॅस्टिकच्या खुंटीसकट उपटून आला होता. “कंपनी लोखंडाचा हिंज देते आणि ठोकते प्लॅस्टिकमध्ये,” तो म्हणाला. “वर तुम्ही लोक रोज एका कोपऱ्याला धरून उघडता. किती दिवस टिकणार?” अख्ख्या खरेदीत मिळालेला हा एकमेव फुकट आणि खरा सल्ला.

त्यानंतर प्रत्येक दुकानात मी लॅपटॉप मधोमध धरून एका बोटाने उघडू लागलो, कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबून बघू लागलो. कलिंगडवाल्याकडे उभा असल्यासारखा मी ते टिचक्या मारून वाजवूनही पाहत होतो. लेक चार पावलं लांब, दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी उभी होती.

“हा घ्या साहेब, मिलिटरी ग्रेड,” एका दुकानदाराने स्टिकरवर बोट ठेवलं. मिल-एसटीडी-८१०. नाव भारदस्त, मूळही खरं. अमेरिकन सैन्याचं हे प्रमाण १९६२ पासून आहे. धूळ, दमट हवा, हादरे, आपटणं, सगळ्याच्या चाचण्या त्यात आहेत. फक्त त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीने ठरवायचं आणि स्वतःच तपासून स्वतःच पास झालं तरी चालतं. असली परीक्षा आमच्या लेकीलाही आवडली असती. शिवाय सकाळी आठच्या सुमाराची फास्ट लोकल त्या यादीत नाही. छातीशी उलटी अडकवलेली सॅक, समोर एकाची पाठ आणि मागून ठाण्याला चढणाऱ्यांचा रेटा. या दाबाखाली स्क्रीन टिकतो का, हे अमेरिकन सैन्याने कधी तपासलेलं नाही.

माझं मन खरं तर रिफर्बिश्डमध्ये, म्हणजे वापरून नीटनेटक्या केलेल्या लॅपटॉपमध्ये, अडकलं होतं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले थिंकपॅड, लॅटिट्यूड असे ऑफिसचे लॅपटॉप बदलतात आणि ते पुसूनपासून इथे येतात. दणकट अंग, पाणी सांडलं तर खाली वाहून जायला भोकं असलेला कीबोर्ड, सगळं निम्म्याहून कमी पैशांत. एकच पथ्य पाळायचं, इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या मागे जायचं नाही. विंडोज इलेव्हन रीतसर आठवीपासून पुढेच चालतं आणि १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा हात सोडला. त्यामुळेच सहावी-सातवी पिढी बाजारात ढिगाने आणि स्वस्तात आली आहे. “इलेव्हन टाकून देतो ना साहेब, जुगाड आहे,” हेही ऐकून झालं. मी एक आठव्या पिढीचा पसंत केला. लेकीने कीबोर्ड पाहिला. “बाबा, याच्या ‘ई’वरचं अक्षर झिजून गेलंय.” फोनवर बायको म्हणाली, “पोरीचा पहिलाच लॅपटॉप आणि तोही कुणाचा तरी वापरलेला?” ठराव दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. मला अजूनही तोच सौदा बरोबर वाटतो, पण मला वाटण्याला आमच्या घरी मतदानाचा दर्जा नाही.

मग लेकीने व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी बाहेर काढली. कॉलेजच्या ग्रुपवर सीनियर मंडळींनी पाठवलेली. किमान आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (म्हणजे फायली साठवायची जागा), शक्यतो ग्राफिक कार्ड. रॅम आणि एसएसडीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ग्राफिक कार्ड कशाला हे विचारल्यावर “थ्रीडी मॉडेलिंग” असं उत्तर आलं. कुठल्या विषयात? “बाबा, तुला नाही कळणार.” ज्या खर्चाचं कारण मला कळणार नसतं, तो बहुतेक गेमिंगचा असतो.

तासभराच्या वाटाघाटींनंतर जमलं. कंपन्या ऑफिसांसाठी बनवतात त्या मालिकेतला साधा मॉडेल, १६ जीबी, रॅमचा एक स्लॉट रिकामा, ग्राफिक कार्डाविना. रंग काळा. म्हणजे डब्बाच, पण लेक तोवर इतकी दमली होती की तिने त्याला ‘मिनिमल’ म्हणायचं ठरवलं. दुकानदाराने अठ्ठेचाळीस सांगितले, मी चाळीस म्हणालो. त्याने हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाणी दिलं. अखेर साडेसेहेचाळीस, वर बॅग आणि माउस. “बिल पाहिजे का?” त्याने सहज विचारलं. अठरा टक्के जीएसटी ऐकून एक क्षण जीव वरखाली झाला, पण बिलाशिवाय वॉरंटी मागायची कुणाकडे? बिल घेतलं.

घरी आल्यावर लेक ओरडली, “बाबा, ५१२चे ४७६च दिसतायत!” कंपनी हजार-हजारांनी मोजते आणि विंडोज १०२४-१०२४ने, हे मी वाचून ठेवलं होतं. तरी बायकोने माझ्याकडे पाहिलंच, जणू उरलेले छत्तीस मी ग्रँट रोडला वडापाव खाऊन संपवले.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या प्रॅक्टिकलची तयारी म्हणून तिने लॅपटॉप उघडला (मधोमध धरून) आणि स्क्रीनवर एक निळीशार चौकट उमटली. मी पेपर खाली ठेवला. टर्बो सी! सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, बोर्लंड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेलं, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या ६४० केबीत गुण्यागोविंदाने नांदणारं. मीसुद्धा त्याच चौकटीत शिकलो होतो. १६ जीबीच्या मशीनवर ते चालावं म्हणून लेकीने आधी जुन्या डॉसचं सोंग वठवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं.

“रन होतंय, पण आउटपुट दिसतच नाही,” ती वैतागून म्हणाली. “प्रोसेसर स्लो आहे का रे बाबा?”

“आउटपुट मागच्या पडद्यावर असतं. ऑल्ट एफ-फाइव्ह दाब,” मी म्हणालो.