वॉलेट म्हणजे ब्लॉकचेन नव्हे

दापोली ते मालवण, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ब्लॉकचेन (क्रिप्टोच्या व्यवहारांची अनेक संगणकांवरची सामायिक नोंदवही) हॅक होत नाही, म्हणून वॉलेटमधलं, म्हणजे क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधलं, क्रिप्टो बँकेतल्या ठेवीपेक्षा सुरक्षित. कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे त्यात चूक राहूच शकत नाही. वॉलेट परत उघडून देणारे बारा शब्द लपवले की चोराचे हात बांधले. शेवटी ‘अपडेटच्या फंदात पडू नका’ असा सल्ला आणि वॉलेटची एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट टाकायची अ‍ॅपची फाइल.

आधी ‘हॅक होत नाही’. २१ फेब्रुवारी २०२५ला बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो चोरीला गेलं. इथर ज्यावर चालतं त्या इथेरियमच्या साखळीला, म्हणजे ब्लॉकचेनला, कुणी हातही लावला नव्हता. व्यवहारांवर सह्या घेणाऱ्या ‘सेफ’ वॉलेटच्या वेबपानात चोरांनी आपला कोड घुसवला होता. बायबिटच्या अधिकाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसला. सही पडली ती वॉलेटचा ताबाच देणाऱ्या व्यवहारावर. जमिनीचा कागद वाचून दाखवायचा एक आणि अंगठा घ्यायचा दुसऱ्यावर, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. हार्डवेअर वॉलेटही (किल्ल्या ठेवायचं वेगळं छोटं उपकरण) कामी आलं नाही, कारण आपण नेमकी कशावर सही करतोय हे त्याच्या पडद्यावरून कळत नव्हतं. साखळीनं सही तपासली. सही खरी होती. पैसे गेले.

बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. वॉलेटला नसतो. तुलना इथेच संपते.

खुला कोड चांगलाच, पण जगाची नजर असलेल्या बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्येही तेच नाणं एका व्यवहारात दोनदा खर्चू देणारी चूक सुमारे वर्षभर बसून होती. सप्टेंबर २०१८मध्ये ती सापडली, ०.१६.३ आवृत्तीत दुरुस्त झाली. नुकसान झालं नाही, हे नशीब.

बारा शब्दांचं म्हणाल, तर ते निवडतं सॉफ्टवेअरच. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या वॉलेट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ३.x आवृत्त्यांत त्या निवडीमागे फक्त ३२ बिटांचा यादृच्छिकपणा होता, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण संगणक त्या सगळ्या तपासून काढतो. २०२३मध्ये शब्द कुणालाही न सांगितलेल्यांची वॉलेटं रिकामी झाली.

अपडेटबद्दलची भीती मात्र अगदीच खोटी नाही. डिसेंबर २०१८मध्ये खऱ्या इलेक्ट्रम वॉलेटमध्येच खोट्या अपडेटची सूचना झळकवून लोकांना लुटलं गेलं. पण ती सूचना दाखवू देणारी त्रुटी नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तेव्हा अपडेट घ्यायचं, पण मूळ साइटवरून. आणि मेसेजसोबत आलेली ती एपीके आधी डिलीट करा.